मामाच्या डिस्कची कॉपी

डिस्कवर कुंकू लावायचं असतं का? एवढं एकच सांगा मला, मंग मी गप बसतो.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या अवजारांची पूजा असती. विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, मोटरसायकल, आता तर लोकं मोबाईल बी पाटावर ठिवायलेत. मामाच्या घरी त्या दिवशी पाटावर माईक असतो, अँप्लिफायर असतो आन पत्र्याचा मोठा भोंगा असतो. मागच्या दसऱ्याला मामीनं डीव्हीडी प्लेयर बी पाटावर घेतला. इथपर्यंत माझं काय म्हणणं न्हाई. माईकला बोट लावलं, भोंग्याला लावलं, प्लेयरला लावलं. पण मंग मामीच्या मनात आलं की प्लेयर काय, बाजारात कुठं बी भेटतो, खरी वस्तू तर आतली डिस्क हाय. मालकाचा आवाज तिच्यात हाय. म्हणून तिनं डिस्क बाहेर काढली आन चमकायच्या बाजूला, बरोब्बर चमकायच्याच बाजूला, हळदीचं एक आन कुंकवाचं एक बोट वढलं. वरून अक्षता.

दुसऱ्या दिवशी डिस्क चालंना. मंग मामीनं ती घासून काढली. कशानं? तारेच्या घासणीनं.

"राख न्हाई लावली लेकरा," मामी मला म्हणली, "नुसती घासणीच लावली. लय हळू."

मामीवर चिडता येत न्हाई, हा माझा जुना प्रॉब्लेम हाय. मामीवर चिडलं की ती ताट वाढून आणती. पण मला राग आला होता, आन राग काय चुलीवरचं दूध न्हाई की फुंकर मारली की खाली बसंल. तो मी दुसऱ्यांवर काढायचं ठरवलं. गिऱ्हाईक भेटायला येळ लागला न्हाई.

तुमी म्हणचाल, एका डिस्कचं एवढं काय. म्हणून आधी मामाचं सांगतो.

माझा मामा पालम तालुक्यात रिक्षातून अलाउन्स करायचा. रसवंतीचं उद्घाटन, डोळे तपासणीचं शिबिर, कुणाची हरवलेली म्हैस, कुणाच्या दहाव्याचं कीर्तन, सगळं मामाच्या तोंडून. आवाज असा की रिक्षा दोन गल्ल्या लांब असली तरी घरातल्या बाया भांडी घासायचं थांबवून ऐकायच्या, आन रिक्षा दारात आली तरी झोपलेलं लेकरू उठायचं न्हाई. म्हैस हरवल्याचं सांगायचा तवा ऐकणाऱ्याला वाटायचं आपलीच हरवली. मी लहानपणी पहिला आवाज काढला तो मामाचा. नंतर हेडमास्तरचा काढला, एसटीच्या कंडक्टरचा काढला, गॅदरिंगला बक्षिसं घेतली, छड्या बी खाल्ल्या. पण आजही कुठं गेलो की लोकं म्हणतेत, "ते सोड, मामाचा काढ."

तर आमच्या भागातल्या एका हौशी पोरानं भाड्याचा कॅमेरा आणून एक कॉमेडी पिक्चर काढला होता. शूटिंग शेतात, हिरोईन नांदेडहून आणलेली, बाकी सगळे गावातले. त्यात मामाला पोरीच्या बापाचा रोल. पिक्चरच्या डिस्का आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगाशेजारी इकल्या. जत्रेत लावला तर लोकं पोट धरून हसली.

मंग मामाच्या घशात गाठ निघाली. तंबाखू. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याला भोक पाडलं, मामा आता त्यातून श्वास घेतो आन त्याच्यावर पांढरा रुमाल बांधतो. जीव वाचला, आवाज गेला. एवढ्या वर्षाचे पुकारे सगळे जागेवर बोललेले, त्या टायमाला आमच्याकडं बटनाचे मोबाईल, कोन रेकॉर्ड करतंय? मामाचा आवाज राहिला तो त्या पिक्चरमधी. बास. दुसरीकडं कुठं न्हाई.

बाजाराच्या दिवशी दुपारी जेवण झालं की मामा ती डिस्क लावायचा. प्लेयर जुना, त्याचं पेनड्राइव्हचं भोक कवाच मोडलेलं. मामानं त्याला स्वतःचा अँप्लिफायर जोडलाय, अँप्लिफायरला भोंगा. स्वतःच्या भोंग्यातून स्वतःचा आवाज. मोबाईलवर घेऊन देतो म्हणलं तर हात झटकायचा, मच्छर हाकलल्यासारखा. आन मी डोळ्यानं बघितलंय, टीव्हीत मामा बोलायचा तवा खाटेवर बसलेल्या मामाचे ओठ हालायचे. एक अक्षर मागं न्हाई, एक पुढं न्हाई.

घासणीनंतर ती डिस्क मामाच्या सीनला अडकायला लागली. आधी कवातरी, मंग दर येळेला. तिची कॉपी करून ठिवणं भाग होतं, आन ते बी ती पुरती मरायच्या आत. भाचा शिकलेला हाय म्हणून काम माझ्याकडं आलं.

पहिल्यांदा मी पिक्चर काढणाऱ्यालाच फोन लावला. तो आता पुण्याला कंपनीत हाय.

"आरं ती हार्डडिस्क? ती कवाच फॉरमॅट मारली. त्याच्यात आता बायकोच्या डोहाळजेवणाचं शूटिंग हाय."

"सगळं उडवलं का?"

"मंग काय, पिक्चर ठिवू का डोहाळजेवण? तिला तू सांगतो का?"

मंग मी गावोगाव इचारत फिरलो, कुणाकडं ती डिस्क हाय का. मामाचे एक जुने दोस्त म्हणले, "हाय की! चल, आत्ता देतो." मला वाटलं घरात नेतेत, तर ते निघाले शेताकडं. ज्वारी निसवायला आलेली. मधी एक बांबू रवलेला आन त्याला सुतळीनं डिस्क टांगलेली, वाऱ्यावर गरागरा फिरायली. वरचा कागद पावसानं गेलेला, मागची चमक उन्हानं सोलून निघालेली, आरपार आभाळ दिसायलं.

"लय भारी चीज हाय," दोस्त म्हणले, "एक चिमणी खाली बसत न्हाई."

ज्या आवाजानं माणसं गोळा व्हायची, त्याच्यावर ह्यांनी पाखरं हाकलली. त्यांच्यावर वरडावं तर मोठी माणसं. पण येताना बांधावर एका ढेकळाला अशी लाथ मारली की पायाचा अंगठा सुजला. ढेकूळ तसंच.

मंग मी पालमच्या एका फोटो स्टुडिओवाल्याकडं गेलो. लग्नाचं शूटिंग, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सगळं तिथंच. ह्या माणसाच्या तोंडात कायम गुटखा. त्यामुळं तो हनुवटी वर करून बोलतो, नळाखाली तोंड धरल्यासारखा.

"डिष्क? आता कोन वापरतंय भाऊ डिष्क?"

"माझा मामा वापरतो."

"ठिवून जावा. हुईल."

झाली. त्यानं मला त्याच्या कंप्युटरवर लावून दाखवली. थोडी खरखर होती, पण मामा बोलत होता. मी खुश. एसटी पकडली, मामाच्या गावाला गेलो, प्लेयरमधी घातली. प्लेयरनं ती आत घेतली, घर्र केलं, परत घर्र केलं आन बाहेर थुंकली. पुसून घातली, परत थुंकली. मामानं माझ्याकडं बघितलं. मी तिथूनच स्टुडिओवाल्याला फोन लावला.

"भाऊ, माझ्यात तर चालते."

"तुमच्यात चालते म्हणून मामानं काय रोज तुमच्या दुकानात येऊन बसायचं का?"

"प्लेयर बदला."

"डिस्क तुमी केली, प्लेयर मी बदलू?"

शेवटी तो म्हणला, परत आणून द्या, लग्नाच्या डिस्का करतो तशी फुल फायनल करून देतो, कोणत्या बी प्लेयरवर पळंल. मी जुनी डिस्क परत नेऊन दिली, न चालणारी कॉपी त्यानं माझ्यासमोरच मोडून टाकली. त्यानं लय फिरवलं. उद्या या, लगीनसराई हाय, लाईट न्हाई, पोरगं गावाला गेलंय. मी जायचो, तो हनुवटी वर करायचा, मी परत यायचो. एकदाची दिली. ह्या येळेला चकचकीत डबीत.

त्या दिवशी मामानं दाढी केली होती. मामीनं भोंगा पुसला होता. डिस्क घातली, प्लेयरनं गपगुमान घेतली. मामानं मला अंगठा दाखवला.

आन पिक्चर सुरू झाला. आधी गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. मंग दोन बदाम एकमेकाला येऊन चिकटले. त्यातून स्टुडिओचं नाव गोल फिरत आलं. मला वाटलं, असू दे, धंद्याची सवय असती. मंग शेत आलं, माणसं आली, आन वरून सनई. पाठोपाठ लग्नातलं गाणं. माणसं बोलायलेत, गाणं चालू. मला अजून वाटायलं, आता थांबंल, आता थांबंल.

मामाचा सीन आला. खाटेवर मामाचे ओठ सवयीनं हालायला लागले. टीव्हीतला मामा बी तोंड उघडायला, हात वर करायला, मान हालवायला. भोंग्यातून बाईचं गाणं.

"आवं, आवाज वाढवा की," मामी सैपाकघरातून म्हणली.

मी वाढवला. कामून वाढवला ते मला आजही कळत न्हाई. गाणं एवढं मोठं झालं की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं. मामाचे ओठ थांबले. त्याचा हात गळ्याच्या रुमालावर गेला. टीव्हीतल्या मामाचं बी ऑपरेशन झालं होतं.

मामानं प्लेयर बंद केला न्हाई. मीच केला. मामा अंगणात जाऊन बसला, भिंतीकडं तोंड करून. मी चप्पल बी नीट घातली न्हाई, फाट्यावर आलो, जी गाडी भेटली तिच्यात बसलो.

दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं होती. एक बाई आधारची झेरॉक्स काढायली, एक नवरदेव फोटो बघायला. मी काउंटरवर डिस्क आपटली.

"आवाज कुठाय?"

"कोनता आवाज?"

"पिक्चरमधल्या माणसांचा आवाज! गाणं कुणी लावायला सांगितलं होतं तुमाला?"

तो हनुवटी वर करून माझ्याकडं असा बघायला लागला जसं मी त्याचा अपमान करायलोय. "भाऊ, खरखर लय यायली होती त्याच्यात. आमी लग्नाला बी वरिजनल आवाज ठिवत न्हाई. असतंय काय त्याच्यात? जनरेटर, भटजी आन रडकं लेकरू. काढून टाकायचा, वरून गाणं सोडायचं. किती मस्त झालंय! एक रुपया जास्तीचा घेतला का?"

"मामाला बोलता येत न्हाई आता. तो एकच आवाज होता."

हे मला सगळ्यांसमोर बोलावं लागलं, ह्याचा राग वेगळाच. त्यानं हनुवटी खाली घेतली. वाटलं, समजलं बहुतेक. मंग त्यानं डस्टबिनमधी पिचकारी टाकली, तोंड मोकळं केलं आन हसून म्हणला, "मंग एवढंच ना? तुमी तर मामाचा आवाज काढता. माझ्याकडं माईक हाय. आत बसा, बोला, मी वरून लावून देतो. कुणाला कळंल?"

"हौ हौ," नवरदेव म्हणला, "काढा की, आमाला बी ऐकू द्या."

झेरॉक्सवाली बाई बी वळली. "ते तुमीच का? गॅदरिंगला बघितलं होतं मी. काढा ना, म्हैस हरवल्याचं काढा."

मला जगात आतापर्यंत कशाचा एवढा राग आला नसंल. माणसाचा पाय गेला तर ह्यांनी त्याला म्हणलं असतं, तुझा भाचा चांगला पळतो की. मी आवाज काढला. मामाचा न्हाई, स्टुडिओवाल्याचा. हनुवटी वर केली, गाल फुगवले, "ठिवून जावा, हुईल. लाईट न्हाई, पोरगं गावाला गेलंय. नवरीचं रडणं काढून टाकलंय भाऊ, वरून गाणं सोडलंय. नवरा बोलायला गेला की आपोआप सनई वाजती." बाई हसली. नवरदेव आधी हसला, मंग स्वतःच्या फोटोकडं बघून गप झाला.

स्टुडिओवाला लाल झाला. "इज्जतीत राहा. निघा दुकानातून."

"माझी जुनी डिस्क द्या, निघतो."

त्यानं टेबलावर शोधली, खाली शोधली, मंग च्याचा ग्लास उचलला. त्याच्याखाली होती. च्याचा गोल डाग उमटलेला. त्यानं ती शर्टाला पुसायला घेतली तवा मी असा वरडलो की त्याच्या हातातून सुटायलाच आली होती. मी घेतली, रुमालात गुंडाळली, निघालो.

परभणीला माझ्या दोस्ताच्या खोलीवर एक जुना जाड लॅपटॉप होता, डिस्क घालायच्या खाचेसकट. आता मी ठरवलं, कुणाच्या हातात द्यायचीच न्हाई. दोघं बसलो, नेटवर वाचलं, चुकलो, परत वाचलं. आन जसजसं कळायला लागलं तसतसा माझा राग वाढायला लागला, कारण काम अवघड नव्हतंच. डिस्क गोल फिरवून पुसायची नसती, मधून काठाकडं सरळ पुसायची. वाचायला सगळ्यात कमी स्पीड लावायचा. खराब जागा आली की मशीन हट्ट करून तिथंच बसतं, म्हणून असा प्रोग्रॅम घ्यायचा जो चार येळा बघंल आन न्हाईच जमलं तर पुढं सरकंल. फाईल उचलायची न्हाई, अख्खी डिस्क हाय तशी घ्यायची. कोऱ्या डिस्कवर लिहिताना बी घाई करायची न्हाई, आन लिहून झालं की तिला बंद करायची. तसं बटनच असतं. बंद न्हाई केली तर कंप्युटर तिला वळखतो, घरचा प्लेयर वळखत न्हाई. एवढंच. एवढ्या एका बटनासाठी तो "माझ्यात चालते" म्हणत बसला होता आन मी एसटीनं ये-जा करत होतो.

जुनी डिस्क वाचायला लय येळ लागला. ती आत कण्हायची. दोस्त म्हणायचा, सोड, गेली ती. मी त्याच्यावर बी वरडलो. त्यानं काय केलं होतं बिचाऱ्यानं, लॅपटॉपच दिला होता. पण आली. सगळीच न्हाई, पण आली. मी तिच्या चांगल्या चार कॉप्या काढल्या.

मामाच्या घरी गेलो तवा ह्या येळेला कुणी भोंगा पुसला नव्हता. मामा खाटेवर आडवा. मी डिस्क घातली. प्लेयरनं घेतली. पाकळ्या न्हाईत, बदाम न्हाईत. शेत. वाऱ्याचा आवाज. आन मंग भोंग्यातून मामा.

मामी पीठ मळता मळता दारात येऊन उभी राहिली, हात पिठाचे. मामा उठून बसला. ओठ हालायला लागले. पाव्हणे पोरगी बघायला आलेत, पोरगी पोहे घेऊन आली, पाव्हण्यातला एक म्हातारा तिच्या तोंडाकडं निरखून बघायलाय, मामा खाकरला, आन चित्र थिजलं. हिरवे-जांभळे चौकोन झाले. भोंगा गप. मंग एकदम पुढचा सीन, सगळे हसायलेत.

मधलं वाक्य गेलं होतं. ते मशीनला शेवटपर्यंत वाचता आलं न्हाई. "पाव्हणं, पोरगी बघायला आलाव का बैल? दात कामून बघायलाव?" पिक्चरमधलं सगळ्यात फेमस वाक्य. रिक्षा थांबवून लोकं मामाला तेच बोलायला लावायचे.

पण चित्र थिजलेलं असताना बी मामाचे ओठ थांबले नव्हते. पूर्ण वाक्य बोलून झालं त्याचं, बिनआवाजी. मंग त्यानं टाळी वाजवली. मामाला हाक मारायची असली की तो टाळी वाजवतो. माझ्याकडं बोट केलं, तोंडाकडं बोट केलं.

"तुला बोल म्हणायलेत," मामी म्हणली. "ते वाक्य."

"मी न्हाई बोलणार."

परत टाळी. जोरात.

"मामा, त्याच गोष्टीवरून मी दुकानात भांडून आलोय!"

मामाला दुकानाचं काय घेणं न्हाई. त्यानं पिक्चर मागं नेला. पाव्हणे आले, पोहे आले, खाकरणं आलं, चित्र थिजलं, टाळी. मी बोललो. गॅदरिंगला बोलतो तसं, नाक फेंदारून, बैलाला लांब हेल काढून. मामी खळखळून हसली.

मामा हसला न्हाई. त्यानं हातानं असं केलं जसं पाटीवरचं पुसतेत. उठून माझ्याजवळ आला आन माझ्या पोटावर चापट मारली. हितून. मंग माझं नाक चिमटीत धरून हालवलं. हितून न्हाई.

मी परत बोललो. न्हाई. परत. न्हाई. "बैल" शब्दाच्या आधी त्यानं तळहात वर धरला, थांबवून ठिवलं, मंग सोडलं. मी म्हणलो तर घाई झाली. त्यानं कपाळावर हात मारला. गळ्याच्या भोकातून श्वास शिट्टीसारखा वाजायला, डोळे लाल. मी त्याला एवढा चिडलेला ऑपरेशनच्या नंतर कवा बघितला नव्हता.

"मामा, मला असाच येतो!" मी बी वरडलो. "अख्खा तालुका म्हणतो, डिट्टो येतो!"

मामानं अख्ख्या तालुक्याला हात झटकला.

"आवं, लेकराला जेवू तर द्या," मामी म्हणली. "भाकरी गार व्हायल्यात."

मामानं तिच्याकडं बघितलं बी न्हाई. त्यानं मला खांद्याला धरून भोंग्यासमोर बसवलं, माझी पाठ सरळ केली, रिमोट उचलला आन पिक्चर परत मागं नेला.